सर्व सूचना वाचल्या आहेत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे मराठी माणूस पिढ्यानपिढ्या एकमेकांना बजावत आला असला, तरी आपल्या घरातील कोणी तीच पायरी काळा कोट घालून चढावी आणि चढण्याचे पैसे घ्यावेत, याला त्याची कधीच हरकत नसते. मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील पश्चिम रेल्वेचे उत्तरेकडील शेवटचे स्थानक असलेल्या दहिसरमध्ये ही दुहेरी भूमिका दरवर्षी विशेष ठळकपणे दिसते, कारण उन्हाळ्याच्या तोंडाशी आनंदनगरपासून कांदरपाड्यापर्यंत आणि रावळपाड्यापासून केतकीपाड्यापर्यंत अनेक घरांत विधी महाविद्यालयातील प्रवेशाचा, म्हणजे बोलण्यातल्या ‘लॉच्या ॲडमिशन’चा, विषय निघतो आणि पुष्कळदा दिवाळीचा आकाशकंदील उतरेपर्यंत तो मिटत नाही. या प्रक्रियेवर शासनाची परिपत्रके विपुल आहेत, मात्र ती प्रक्रिया पार पाडणाऱ्या मनुष्यप्राण्याकडे अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही.

दहिसरमधील विधी अर्जदारांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग बारावी उत्तीर्ण झालेल्यांचा असून तो पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे, म्हणजे पदवी आणि कायदा एकाच दमात उरकणाऱ्या अभ्यासक्रमाकडे, वळतो. ‘हा फार उलट बोलतो, ह्याला वकीलच करा’ असे या वर्गातील बहुतेकांच्या बाबतीत पाहुण्यांसमोर वारंवार म्हटले गेलेले असते, त्यामुळे उलट बोलणे ही आपली पूर्वतयारी झाली, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. दुसरा वर्ग पदवीधरांचा आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या या वर्गात बँकेच्या आणि स्पर्धा परीक्षा देऊन झालेले, लग्नाचा विषय पुढे ढकलू पाहणारे आणि ‘हातात एक डिग्री असलेली बरी’ या तत्त्वावर श्रद्धा असलेले उमेदवार येतात.

तिसरा वर्ग सर्वांत अभ्यसनीय होय, आणि तो म्हणजे सेवानिवृत्तांचा. देशातील कायद्याच्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला ३० अशी वयोमर्यादा लावून पाहिली होती, परंतु वयोमर्यादेच्या त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिल्यामुळे गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांना मैदान मोकळे झाले. दहिसर पश्चिमेला भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे केंद्र असल्याने परिसरातील इमारतींच्या उंचीवर निर्बंध आले आणि अनेक इमारतींचा पुनर्विकास रखडला, पण सचिवांच्या आकांक्षेच्या उंचीवर त्याचा काहीही परिणाम झालेला नाही. उलट, मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे विकासक जमिनीची मालकी संस्थेच्या नावे करून देत नसेल तर ती सक्षम प्राधिकाऱ्याकडून मिळवण्याची तरतूद, या एकाच विषयावर वकिलाला आजवर दिलेली फी मोजून झाल्यावर ‘त्यापेक्षा आपणच वकील झालेलं परवडलं’ हा निष्कर्ष वार्षिक सर्वसाधारण सभेत एकमताने संमत होतो. सभासदांना खरा आनंद सचिव तीन वर्षे संध्याकाळी घरी नसतील याचा झालेला असतो, परंतु त्याची नोंद इतिवृत्तात होत नाही.

या तिन्ही वर्गांना ज्या दारातून जावे लागते, ते राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाचे, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सीईटी सेल’ म्हणून रूढ झालेल्या शासकीय यंत्रणेचे. महाराष्ट्रात विधी शाखेसाठी ही सामायिक परीक्षा २०१६ पासून घेतली जाते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची ‘क्लॅट’ ही परीक्षा वेगळी असून तिच्यात चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो, तर राज्याच्या परीक्षेत चुकल्याबद्दल काहीही कापले जात नाही, त्यामुळे येथे उमेदवार ज्ञान संपल्यावरही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तरे देत राहतो. हाच कक्ष अभियांत्रिकीपासून बी.एड.पर्यंत इतर अनेक अभ्यासक्रमांच्याही परीक्षा घेत असल्यामुळे रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर घाईने अर्ज भरणाऱ्या एखाद्या पदवीधराने बारावीनंतरच्या विधी परीक्षेचे शुल्क भरले, अथवा वकील होण्यासाठी निघालेली व्यक्ती शिक्षकाच्या परीक्षेला नोंदली गेली, असे प्रकार घडतात.

वास्तविक, अशा घोटाळ्यांना वावच राहू नये यासाठी कक्षाने माहिती पुस्तिका तयार केलेली असते. पात्रता, आरक्षण, लागणारी प्रमाणपत्रे, त्यांचे नमुने, फेऱ्यांचे नियम आणि शुल्कपरतावा यांची सविस्तर माहिती असलेली ही पुस्तिका संकेतस्थळावर ठेवली जाते, आणि नेमके तेथे ठेवल्यामुळेच ती सुरक्षित राहते. दहिसरमध्ये तिचा प्रतिस्पर्धी म्हणजे शेजार. अर्जदाराच्या मावशीच्या जावेच्या मुलाने काही वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेला असतो, आणि त्याच्या आठवणीतील नियम हे चालू वर्षाच्या छापील नियमांपेक्षा अधिक विश्वसनीय मानले जातात.

“पुस्तिकेत काय लिहिलंय ते एकदा बघ ना,” असे घरातील एखादी समंजस व्यक्ती सुचवते.

“अगं, पुस्तिकेत सगळंच लिहिलेलं असतं,” असे तिला उत्तर मिळते. “त्यातलं आपल्याला काय लागू होतं, ते माणसालाच विचारावं लागतं.”

या उत्तरातील तर्क असा आहे की, ज्या दस्तऐवजात सर्व उत्तरे आहेत, तो वाचण्यास कठीण असणारच, आणि जो वाचण्यास कठीण आहे, तो वाचणाऱ्याला पैसे देऊन वाचून घ्यावा. वकिली व्यवसायाचा पाया याच तर्कावर उभा आहे, हे भावी वकिलाच्या लक्षात त्या वेळी येत नाही.

पैसे देऊन वाचून घेण्याचे स्थळ म्हणजे दहिसर स्थानकाबाहेरच्या गल्लीतील झेरॉक्सचे दुकान. ‘येथे सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा फलक असलेल्या या दुकानात पॅनकार्डापासून भाडेकरारापर्यंत सर्व विषयांवर अधिकारवाणीने बोलणारा एक तरुण संगणकासमोर बसलेला असतो. अर्जदार, त्याची आई आणि दहावीपासूनच्या गुणपत्रिका असलेली प्लास्टिकची फाइल, असा लवाजमा त्याच्यासमोर उभा राहतो, आणि आई ती फाइल लग्नातल्या रुखवतासारखी एकेक वस्तू बाहेर काढून मांडू लागते. तरुण मान वर न करता प्रश्न विचारतो, उत्तर पूर्ण होण्याआधी टाइप करतो आणि चौकटी येतील तशा त्यांत बरोबरच्या खुणा करत जातो.

“थांबा दादा, आत्ता कशावर टिक केलं?” अर्जदार विचारतो.

“काही नाही, डिक्लेरेशन आहे.”

“काय लिहिलंय त्यात?”

“सगळ्या सूचना वाचल्या आणि समजल्या म्हणून. मागे रांग बघा किती आहे.”

अशा रीतीने, ज्याला पुढे आयुष्यभर अशिलांना ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असे बजावायचे आहे, त्याच्या विधी क्षेत्रातील कारकिर्दीचे पहिले निवेदन न वाचता आणि दुसऱ्याच्या हातून केले जाते. या विषयाचे अभ्यासकही पुस्तिकेच्या अनुक्रमणिकेपलीकडे गेले असतील, याची हमी अर्थातच देता येत नाही.

छायाचित्र आणि स्वाक्षरी अपलोड करणे, म्हणजे त्यांच्या प्रती संकेतस्थळावर चढवणे, हा यापुढचा भाग होय. फाइलीचे वजन किलोबाइटमध्ये मोजले जाते आणि ते ठरलेल्या मर्यादेत बसवावे लागते, त्यामुळे स्टुडिओत खास पांढऱ्या पडद्यासमोर काढलेले छायाचित्र घटवता घटवता अशा अवस्थेला पोहोचते की ते उमेदवाराचे आहे की त्याच्या मामाचे, हे सांगणे कठीण व्हावे. स्वाक्षरीची कथा याहून करुण आहे. वकील होणार म्हणून अर्जदाराने वहीच्या शेवटच्या पानांवर नवी, वळणदार, खाली दोन रेघा आणि शेवटी टिंब असलेली स्वाक्षरी घोटून तयार केलेली असते, पण ती दिलेल्या चौकटीत मावत नाही. रेघा कापल्या तर स्वाक्षरी राहत नाही आणि स्वाक्षरी लहान केली तर मुंगी चिरडल्याचा भास होतो. अखेर तो शाळेतल्यासारखे साधे नाव लिहून मोकळा होतो, आणि परीक्षेच्या दिवशी हजेरीपत्रकावर सवयीने रेघा मारून पर्यवेक्षकाच्या संशयास पात्र ठरतो.

त्यानंतर प्रमाणपत्रांचा अध्याय सुरू होतो. अधिवास प्रमाणपत्र म्हणजे उमेदवार राज्याचा रहिवासी असल्याचा दाखला, आणि दहिसरकरांना तो बोरिवली तालुक्याच्या यंत्रणेकडून मिळवावा लागतो, कारण प्रशासनाच्या दृष्टीने दहिसर हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या बोरिवली तालुक्यात मोडते. एक स्थानक पुढे मीरा रोडला राहणाऱ्या आत्याचा जिल्हा मात्र ठाणे असल्यामुळे तिने मोठ्या आपुलकीने सांगितलेली खिडकी, साहेबांची वेळ आणि ‘माझं नाव सांग’ हा सल्ला, असे सर्व काही निरुपयोगी ठरते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची, म्हणजे कुटुंब मागासवर्गातील उन्नत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते, आणि मुख्य धावपळ त्यानंतर सुरू होते, त्यामुळे मोठ्या दूरदृष्टीने वेळेआधी काढून ठेवलेला दाखला नेमका वेळेवर जुना होतो. याखेरीज दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर नाव आधी आणि पदवीच्या कागदावर आईचे नाव शेवटी असल्याने एकाच उमेदवाराच्या तीन व्यक्ती होतात, आणि त्या तिन्ही एकच असल्याचे त्या तिघांपैकी एकाला शपथेवर सांगावे लागते.

शपथेवर सांगणे म्हणजे प्रतिज्ञापत्र. शिक्षणात खंड पडला असेल, तर त्या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता, असे सांगणाऱ्या प्रतिज्ञापत्रास ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणण्याचा प्रघात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात अशा कागदांसाठीचे किमान मुद्रांक शुल्क १०० रुपयांवरून ५०० रुपयांवर गेले, तथापि विद्यार्थ्यांना दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना हे शुल्क माफ असल्याचा खुलासाही शासनाने केला. ही माफी प्रत्यक्षात कशी राबवली जाते, हे टंकलेखकाच्या टेबलाशी होणाऱ्या पुढील संवादावरून स्पष्ट होईल.

“स्टॅम्प माफ आहे ना विद्यार्थ्यांना?”

“माफ आहे. पण बिनस्टॅम्पचं कोणी घेत नाही.”

“कोणी नाकारलं?”

“अजून कोणी देऊन बघितलेलं नाही.”

दहिसर चेकनाक्यावर हलक्या वाहनांना त्याच ऑक्टोबरमध्ये पथकर माफ झाला तेव्हा मात्र एकाही वाहनचालकाने ‘राहू द्या, उगाच पुढे अडायला नको’ म्हणून पैसे भरल्याचे ऐकिवात नाही. माणूस गाडीत बसला की हक्कांबाबत जागरूक असतो आणि हातात फाइल घेतली की नम्र होतो, असा सिद्धांत यावरून मांडता येईल.

परीक्षेच्या तयारीचा भाग त्या मानाने अल्प आहे. चुलतभावाने वापरलेली, जागोजागी पिवळ्या शाईने रंगवलेली पुस्तके अभ्यासासाठी मिळतात आणि त्यांतील कलमे तोंडपाठ झाल्यावर १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली असल्याचे कळते. फसवणुकीच्या ४२० या कलमाचे नव्या संहितेत ३१८ झाले, ही गोष्ट अर्जदाराला एक वेळ पचते, परंतु ज्यांनी शेजाऱ्याला उभा जन्म ‘चारसोबीस’ म्हटले, त्या आजोबांना ती पचत नाही, आणि ‘तीनशे अठरा’ म्हटल्याने कोणाचाही अपमान होत नाही, ही त्यांची तक्रार बिनतोड आहे.

निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे मिळालेले गुण नव्हेत, तर परीक्षा दिलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्या मागे राहिले, ते दर्शवणारा आकडा. घरात ही व्याख्या समजावून होण्यापूर्वीच ‘ब्याऐंशी टक्के पडले’ अशी वार्ता चाळीच्या टोकापर्यंत गेलेली असते आणि पेढे आलेले असतात. पेढे आल्यानंतर व्याख्या सुधारणे शिष्टसंमत नसल्याने उमेदवार मौन पाळतो, आणि त्याच गुणांवर हवे ते महाविद्यालय का मिळाले नाही, याचा खुलासा पुढे वर्षभर करत राहतो.

यापुढे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया येते. सर्व महाविद्यालयांतील जागा एकाच गुणवत्ता यादीवरून, उमेदवाराने दिलेल्या पसंतीक्रमानुसार वाटण्याची ही पद्धत आहे. आधी कागदपत्रांची ई-छाननी, म्हणजे संगणकावरूनच केलेली तपासणी, होते आणि काही उणे असल्यास शेरा मारून अर्ज परत येतो. ‘दस्तऐवज अस्पष्ट’ या शेऱ्याचा अर्थ लावण्यासाठी संपूर्ण कुटुंब एकत्र बसते, आणि पुष्कळ ऊहापोहाअंती अस्पष्ट तो दस्तऐवज नसून त्याचे छायाचित्र काढताना हललेला बाबांचा हात होता, असे निष्पन्न होते.

पसंतीक्रम ठरवणे ही तत्त्वतः उमेदवाराची खासगी बाब असली, तरी व्यवहारात ती सहा सभासदांची समिती ठरवते. वडिलांना पहिल्या क्रमांकावर चर्चगेटचे शासकीय विधी महाविद्यालय हवे असते, कारण ते १८५५ मध्ये स्थापन झाले, १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे प्राचार्य झाले आणि तेथील शुल्क कमी आहे. ही तीन कारणे सांगताना त्यांचा आवाज तिसऱ्या कारणाशी सर्वाधिक भरून येतो. आईचा निकष, धीम्या लोकलने जाता येते का आणि परत येताना विरार गाडीत चढावे लागते का, एवढाच असतो. सचिवकाका स्वतःही अर्जदार असल्याने प्रतिस्पर्धी या नात्याने सल्ला देतात.

“पहिलाच नंबर एवढा मोठा टाकू नकोस,” ते म्हणतात. “तिथे नाही लागलं, तर खालची सीट पण जाते.”

“काका, असा नियम आहे?”

“नियम नाही रे. अनुभव आहे.”

काकांचाही हा पहिलाच अर्ज असल्याने हा अनुभव कोणाचा, हे विचारण्याचे धाडस कोणी करत नाही. प्रत्यक्षात वरची पसंती हुकली म्हणून खालची जागा जात नाही, आणि ही गोष्ट त्याच न वाचलेल्या पुस्तिकेत नमूद असते. एवढे मंथन करून सिद्ध झालेला क्रम शेवटी भरला जातो, सर्व जण जेवायला बसतात, आणि तो कायम करण्याचे शेवटचे बटण दाबायचे राहून गेल्याचे कळते ते अंतिम मुदत उलटल्यावर. पुढे जागा मिळाल्यास ती ‘फ्रीझ’ करायची, म्हणजे कायम ठेवायची, की ‘बेटरमेंट’ची, म्हणजे पुढच्या फेरीत वरची पसंती लाभण्याची, आशा धरायची, यावर घरात नव्याने दोन पक्ष पडतात, आणि त्यांतील कटुता काही घरांत प्रवेशाहून अधिक काळ टिकते.

मुदतीचा उल्लेख झालाच आहे, तर मुदतवाढ या संस्थेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. अंतिम तारीख जाहीर होते ती अर्ज भरण्यासाठी नव्हे, तर मुदतवाढ कधी जाहीर होणार याचा अंदाज बांधण्यासाठी, असा दहिसरमधील सार्वत्रिक समज आहे.

“शेवटची तारीख कधी आहे रे?”

“आज.”

“म्हणजे अजून आठवडा आहे.”

मुदत खरोखरच वाढते, आणि ज्याने पहिल्याच दिवशी अर्ज भरला, त्याला आपण फसवले गेल्याची भावना होते. निकाल लांबल्यामुळे, फेऱ्या वाढल्यामुळे अथवा कोणी न्यायालयात गेल्यामुळे वेळापत्रक पुढे सरकत जाते आणि मार्च-मे दरम्यान परीक्षा दिलेल्या उमेदवाराचे वर्ग फटाके वाजून गेल्यावर सुरू होतात. तारीख, पुढची तारीख आणि त्याची सवय, हा वकिली व्यवसायाचा गाभा महाविद्यालयात पाऊल टाकण्यापूर्वीच विनामूल्य शिकवला जातो.

यथावकाश प्रवेश मिळतो. पहिल्या दिवशी रॅगिंग न करण्याच्या हमीपत्रावर, हजेरीच्या नियमांच्या कागदावर आणि शुल्काच्या अटींवर विद्यार्थी ओळीने सह्या करतो, आणि आता चौकटीचे बंधन नसल्यामुळे रेघा व टिंबासह करतो. मग करार कायद्याच्या तासाला त्याला ‘लेस्ट्रेंज विरुद्ध ग्राउकोब’ हा १९३४ चा इंग्लंडमधील खटला शिकवला जातो. वेल्समधील एका कॅफेच्या मालकिणीने सिगारेट विकणाऱ्या स्वयंचलित यंत्राच्या खरेदीपत्रावर बारीक अक्षरांतील अटी न वाचता सही केली, यंत्र बिघडले, आणि सही केली असल्यामुळे अटी वाचल्या नव्हत्या ही सबब चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. बाईंनी निदान वाचायला तरी हवे होते, याविषयी वर्गात कमालीचे एकमत होते.

हे एकमत रास्त असले, तरी व्यवसायाच्या दृष्टीने आत्मघातकी आहे. प्रत्येक माणसाने सहीपूर्वी कागद वाचला असता, तर विकासकांचे करारनामे, विम्याची पत्रके, जामीनकीचे कागद आणि भाऊबंदांतील वाटणीपत्रे यांतून उद्भवणारे निम्मे तंटे उद्भवलेच नसते आणि वकिलांना दुसरा उद्योग शोधावा लागला असता. न वाचता खूण करणारा अर्जदार, न वाचता ती करून देणारा दुकानदार आणि न वाचता नियम सांगणारे काका हे तिघे मिळून हा व्यवसाय जिवंत ठेवत आहेत, तेव्हा त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांना तरीही वाचायचेच असेल, त्यांच्या माहितीसाठी: पुस्तिका संकेतस्थळावर मराठीतही शोधून पाहावी, ती उघडायला पैसे पडत नाहीत आणि तिच्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात रांग नसते.